बोलेरोतलं हळू गाणं

चारुशीला मॅडमच्या गाडीत मागची जागा मिळाली, तेव्हा ईशाननं बडनेरा यायच्या आत जमेची बाजू मांडून टाकली. अमरावतीहून अकोल्याला पॅसेंजरच्या दारात लोंबकळत जाणं सुटलं, ही पहिली जमा. शर्टाची इस्त्री कॉलेजच्या फाटकापर्यंत टिकणार, ही दुसरी, किरकोळ. तिसरी अशी होती की तिच्यापुढं बाकीच्या दोन खोडल्या तरी चाललं असतं. मॅडम त्या कॉलेजच्या प्राचार्या होत्या. अर्थशास्त्राची एक कायम जागा कितीतरी वर्षांनी मंजूर झाली होती, मुलाखती जानेवारीत होत्या, आणि तोवर मॅडम जाता-येता त्याच्यापासून हातभर अंतरावर बसणार होत्या. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला, ज्याला उन्हाळ्यात पगार नसतो आणि पावसाळ्यातला पगार हिवाळ्यात येतो, याहून मोठं घबाड लागत नाही.

नावेच्या बाजूला एकच नोंद होती. शेजारी नगमा बसायची. तीही तासिका तत्त्वावर, तीही अर्थशास्त्राची, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा तीच पास झालेली, आणि डोळा त्याच जागेवर. बसायच्या जागा मात्र ईशाननं पहिल्याच सकाळी विचार करून वाटून घेतल्या. तो ड्रायव्हरच्या मागं बसला, कारण तिथून पुढं डावीकडं बसलेल्या मॅडमचा अर्धा चेहरा दिसायचा. नगमाच्या वाट्याला मॅडमचा अंबाडा आला. तिनं तक्रार केली नाही. हे त्याला विजयासारखं वाटलं.

फुकटचं इंटरनेट घरोघरी आलं आणि कपाशीत बोंडअळी शिरली, ते हे साल. दिवाळी होऊन गेली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक कपाशीची उभी पऱ्हाटी उपटून टाकत होते, आणि वर्गातली निम्मी पोरं त्याच कामावर घरी गेलेली होती. उरलेल्या पोरांना ईशान ‘शेतीवरील अरिष्टाची कारणे’ हा धडा मुद्देसूद लिहून द्यायचा. गाडीत मात्र शेतीचा विषय निघत नसे. गाडीत रॉक चालायचं.

तो गाडीचा कायदाच होता. मॅडमच्या फोनवर ‘बोलेरो’ नावाची गाण्यांची एक यादी होती आणि ती गाडीत बसणाऱ्या सगळ्यांत सामायिक होती. ज्याला जे सुचेल ते गाणं त्यानं आपल्या फोनवरून तिच्यात टाकायचं. गाणं रॉक पाहिजे, म्हणजे कडकडणारी गिटार पाहिजे, ड्रम पाहिजे, आणि गाणाऱ्याचा घसा धोक्यात पाहिजे. गाणं संपलं की पुढचं लागायच्या आत प्रत्येकानं अभिप्राय द्यायचा. मॅडम हजेरी घेतल्यासारखी नावं घेत आणि गप्प बसलेला गैरहजर धरत.

सुती साडी नेसणारी, निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली, गॅदरिंगला स्वतः नारळ फोडणारी ही बाई रॉक का ऐकते, याचं ईशानला पहिले दोन दिवस कोडं पडलं. तिसऱ्या दिवशी त्यानं ते आपल्यापुरतं सोडवलं. मॅडमच्या तरुणपणी, हॉस्टेलच्या काळात, कुणीतरी लांब केसांचा गिटारवाला असला पाहिजे. एकदा हा गिटारवाला गृहीत धरल्यावर पुढची सगळी बेरीज सोपी झाली. तो रात्री इंटरनेटवर गाण्यांची माहिती वाचायचा, दोन-तीन वाक्यं पाठ करायचा, आणि सकाळी बोरगाव मंजूच्या आसपास ती अशी काढायचा जणू आत्ताच सुचली आहेत.

“मॅडम, या गाण्यात यंत्रयुगातल्या माणसाचा एकटेपणा गिटारच्या रूपानं आक्रोश करतो.”

मॅडम म्हणायच्या, छान. मग नगमाचं नाव घ्यायच्या.

“मले तं हा भाडेकरू वाटला,” नगमा म्हणायची. “घरमालकानं नळ बंद केला, अन् हा जिन्यात उभा राहून भांडून राहिला.”

मॅडम हसायच्या. ईशान ते हसू मनातल्या मनात नगमाच्या खात्यावर टाकायचा आणि रात्री आणखी दोन वाक्यं जास्त पाठ करायचा. एका गाण्यात गाणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच ओळ ओरडत होता. त्याच्यावर ईशान मूर्तिजापूरचं रेल्वे फाटक उघडेपर्यंत बोलला. नगमानं एवढंच सांगितलं की आमच्या मोहल्ल्यात भंगार घेणारा येतो त्याचा आवाज याच्यापेक्षा लांब जातो, आणि त्याच्या हातात माईकही नसतो.

शेवटचा अभिप्राय नेहमी सूर्यभानजींचा. सूर्यभानजी म्हणजे ड्रायव्हर. संस्थेच्या नोकरीत केस पांढरे झालेला, तिवस्याकडच्या एका खेड्यातून पहाटे मोटारसायकलनं अमरावतीला येणारा आणि मग गाडी काढणारा माणूस. त्यांच्याकडं दोनच अभिप्राय होते. “चालते,” नाही तर “हे नोको.” आणि गंमत अशी की यादीत कोणतं गाणं राहणार आणि कोणतं जाणार, हे या दोन शब्दांवर ठरायचं. सूर्यभानजी “हे नोको” म्हणाले की मॅडम ते गाणं तिथल्या तिथं काढून टाकायच्या, मग ईशाननं त्यात कितीही यंत्रयुग पाहिलेलं असो. गरीब माणसाला मताचा मान देण्याची ही मॅडमची पद्धत, असं ईशाननं ठरवलं. अभ्यासक्रमात लोकशाही होतीच.

एका संध्याकाळी मात्र त्यानं असं काही पाहिलं की त्याला आपली जागा अर्धी मिळाल्यासारखीच वाटली. यादीत कुठून तरी एक हळू गाणं आलं होतं. नुसती गिटार, ड्रम नाही, आणि गाणारा जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय अशा बेतानं गात होता. मॅडमचा अर्धा चेहरा सैल झाला. डोळे मिटले. ओठ किंचित हलले, त्या गुणगुणत होत्या. एक कडवं झालं असेल नसेल, तोच त्या दचकून सरळ बसल्या, “सूर्यभानजी, कसं काय?” म्हणाल्या. सूर्यभानजी जड आवाजात म्हणाले, हे नोको. मॅडमनी गाणं काढून टाकलं, आणि काढताना एक उसासा सोडला. तो उसासा फक्त ईशाननं पाहिला.

म्हणजे मॅडमना हळू गाणीच आवडतात. ड्रायव्हरच्या हट्टापायी त्या रोज मन मारतात. इथपर्यंत ईशानचा हिशोब अगदी बरोबर होता, हे मान्य केलं पाहिजे. चूक फक्त पुढच्या ओळीत झाली.

घरी त्यानं वडिलांना विचारलं. कमलाकांत गुरुजी अंबागेटच्या आत चार पिढ्यांचं पौरोहित्य सांभाळून होते, आणि मुलाच्या खोलीतून येणारं संगीत महिनाभर ऐकत होते. त्यांचं स्वतःचं मत त्यांनी आधीच दिलेलं होतं. हा मनुष्य इतक्या मोठ्यानं कोणत्या देवाला हाका मारतो, इतक्या हाकांत आमचा तर केव्हाच आला असता. पण मुलाच्या प्रश्नाला त्यांनी धंद्यातलं उत्तर दिलं.

“यजमानाच्या तोंडाकडं पाहावं. त्याचं मन जिथं रमलं तिथं सावकाश म्हणावं, बाकी आटोपतं घ्यावं. पोथी तीच असते रे, दक्षिणा वेगळी होते.”

आता गुरुजींच्या यजमानाकडं गाडी नव्हती आणि ती चालवणाराही कोणी नव्हता, म्हणून त्यांनी यजमानाच्या शेजारी कोण बसलंय तेही पाहावं असं काही सांगितलं नाही. त्यांची चूक नाही.

ईशाननं चांगले आठ दिवस शोधून एक गाणं काढलं. सात मिनिटांचं. सुरुवातीला नुसती गिटार, मग एक बाईचा आवाज, मग दोघांचा मिळून, आणि शेवटपर्यंत कुणालाही कसली घाई नाही. यादीत टाकलं तर सूर्यभानजींच्या तावडीत सापडलं असतं, म्हणून टाकलं नाही. गाडीच्या स्पीकरला फोन जोडायची पाळी मागच्या सीटवरच्या दोघांत फिरायची. मुलाखतीच्या आधीच्या महिन्यात, डिसेंबरातल्या एका संध्याकाळी पाळी त्याची होती, आणि त्यानं बेत असा केला की मूर्तिजापूर सोडलं, दिवस मावळतीला आला, की लावायचं.

तसं लावलं. पण नेमका त्याच वेळी मॅडमचा फोन वाजला. विद्यापीठातून होता, मुलाखतीच्या समितीवर कोण येणार याबद्दलचा. मॅडम एका कानात बोट घालून खिडकीकडं तोंड करून बोलू लागल्या. ईशान हळहळला, पण गाणं सात मिनिटांचं होतं, फोन संपेल आणि उरलेलं त्यांच्या कानी पडेल म्हणून त्यानं धीर धरला.

पहिलं कडवं संपायच्या आत नगमा म्हणाली, “सर, बदला हे.”

“थांबा, पुढं छान आहे.”

“छान असू द्या. बदला.”

ईशाननं फोन दाराच्या बाजूला धरला. मुलाखत जवळ आली की माणसं कोणत्या थराला जातात हे त्यानं मनात नोंदवलं.

“सर, वर आरशात पाहा एक डाव.”

आरशात पाहणार कसा, तो ड्रायव्हरच्या मागं बसला होता. त्याला सूर्यभानजींच्या डोक्यामागची सीटची उशी दिसली. नगमा हात लांब करून फोन ओढू लागली, तो सोडेना, आणि या ओढाताणीत दोघांचंही रस्त्याकडं लक्ष नव्हतं. बाईचा आवाज गाण्यात आला तेव्हा बोलेरो डांबर सोडून बाजूच्या मुरमावर उतरली होती. पुरुषाचा मिळाला तेव्हा ती तुरीत होती. ओरडाआरडा असा झाला नाही. गाडी मुळातच हळू झाली होती, गाण्यासारखी. शेंगा भरलेली माणसाच्या उंचीची तूर दोन्ही काचांवर सपासप आपटत गेली, एक दिवा फुटला, मडगार्ड धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, दगडाला लागून आत गेलं, आणि बोलेरो उभी राहिली. मॅडमनी फोनवर “मी नंतर बोलते” म्हटलं. सूर्यभानजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोरच्या तुरीकडं पाहत राहिले. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. गाणं चालू होतं.

वावराचा मालक नत्थुजी रानडुकरांपासून तूर राखायला आलेला होता. तो काठी घेऊन तुरीतून वाट काढत आला, चौघांची तोंडं पाहिली, कुणाला लागलं नाही हे बघून घेतलं, आणि मग काठीवर रेलला.

“हे गाणं बंद करा बाप्पा पयले,” तो म्हणाला. “मले बी झोप येऊन राह्यली.”

नगमानं फोनची वायर ओढून काढली. मॅडम खाली उतरल्या आणि मोडलेल्या तुरीकडं बघून भरपाईचं बोलल्या, तर नत्थुजीनं मान हलवली. रोही, म्हणजे नीलगाई, येतात ते यापेक्षा जास्त मोडतात, तो म्हणाला, पण रोही गाणे लावून येत नाही, हे आज पयल्यांदाच पाह्यलं. त्याचा पुतण्या ट्रॅक्टर आणायला गेला.

ट्रॅक्टर येईपर्यंत नगमानं ईशानला धुऱ्यावर बाजूला घेतलं, आणि इतके आठवडे मॅडमच्या अंबाड्यामागून तिनं काय पाहिलं ते सांगितलं. तिथून वरच्या आरशात सूर्यभानजींचे डोळे दिसायचे. त्यांच्याच बोलण्यातून तिला कळलं होतं की त्यांच्या गावाला शेतीची वीज आठवड्यातले निम्मे दिवस रात्री असते. रात्री हरभऱ्याला पाणी देऊन तो माणूस पहाटे मोटारसायकलला किक मारतो. मागं एकदा, ईशान गाडीत यायच्या आधी, भावगीतं चालू असताना नगमाच्या देखत त्यांचा डोळा लागला होता, मॅडमनी वेळेवर हाक मारली म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवसापासून मॅडमना रॉक आवडायला लागलं. संस्थेत कळलं तर त्यांची नोकरी जाते, आणि तोंडावर बोललं तर त्यांचा मान जातो, म्हणून बाईनं आवड स्वतःच्या नावावर घेतली होती. गिटारवाला कधीच कुणी नव्हता.

“मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?”

“मले वाटलं तुमाले मालूम असन,” नगमा म्हणाली. “तुमी एवढं बोलत होते त्या गाण्याईवर.”

हे ती कितपत खरं बोलली ते तिचं तिला ठाऊक. माहीत असलेली गोष्ट प्रतिस्पर्ध्याला न सांगणं हा अर्थशास्त्रात गुन्हा नाही. आणि मॅडमचं म्हणाल तर माणुसकी आणि मूर्खपणा यांची वावरं लागूनच असतात. धुरा नेमका कुठून जातो ते गाडी पलीकडं गेल्यावर कळतं. मॅडमना त्या संध्याकाळी ते कळलेलं होतं. सूर्यभानजी मडगार्डावरचा चिखल उपरण्यानं पुसत होते. तो पुसून काही मडगार्ड बाहेर येणार नव्हतं.

“मी सांगून देतो अध्यक्षसाहेबाले,” ते म्हणाले. “माह्या डोया लागला म्हणून. लपवाचं काहून?”

“सांगा,” मॅडम म्हणाल्या. “पण ते आधी तुम्हाला विचारणार नाहीत.”

मॅडमना संस्था नीट माहीत होती. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर अध्यक्ष खुशालरावांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं, पण त्याआधी व्हरांड्यात ईशानच्या खांद्यावर हात ठेवून त्याला एकट्याला गाठलं. खुशालरावांच्या साळ्याचा पोरगा ड्रायव्हिंग शिकून वर्षभर घरी बसला होता, हे कॉलेजातल्या सगळ्यांना पाठ होतं. मुलाखतीच्या समितीवर खुशालराव होते, हेही.

“तुमी मागं बसता त्याच्या. त्याले झोप लागली होती, हे एवढंच सांगाचं हाय. खरं हाय थेच,” खुशालराव म्हणाले. “खरं बोलणाऱ्या माणसाले संस्था इसरत नाही.”

ईशानला खोलीच्या दारापर्यंत जेवढं अंतर होतं तेवढाच वेळ मिळाला. त्यात त्यानं आपली सवय सोडली नाही, हिशोब मांडला. एक वाक्य बोलायचं, तेही खरं, आणि कायम जागा. इतका स्वस्त सौदा त्याला आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हता. अडचण एवढीच की वाक्य खरं असलं तरी अर्धं होतं. सूर्यभानजी झोपले, हे जमेला धरलं तर त्यांना झोपवलं कोणी, हे कुठंतरी नावे टाकावं लागत होतं. आठ दिवस शोधून, सात मिनिटांचं, मुद्दाम यादीच्या बाहेर ठेवून. अर्ध्या पानावर सही करायचा मोह त्याला झाला नाही असं नाही. चांगला झाला. पण कमलाकांत गुरुजींच्या घरात संकल्प अर्धवट म्हणून उठायची पद्धत नव्हती. मोठेपणा म्हणून नव्हे, वळण म्हणून.

आत मॅडम होत्या, नगमा होती, दाराशी सूर्यभानजी टोपी हातात घेऊन उभे होते, आणि हेडक्लार्क शालिकराम लिहून घ्यायला बसले होते. खुशालरावांनी ईशानला सांगा म्हटलं.

ईशाननं सांगितलं की गाणं त्याचं होतं. बदला म्हणून त्याला दोनदा सांगितलं गेलं, त्यानं बदललं नाही, उलट फोनसाठी झटापट केली. गाडी वावरात गेली ती त्या गाण्यानं.

खुशालरावांच्या कपाळाला आठी पडली. “गाण्यानं गाडी वावरात जाते?”

“या गाण्यानं जाते, साहेब.”

“काही बी.”

“ऐकून पाहता का?”

हे त्यानं धाडस म्हणून विचारलं नाही. इतके आठवडे गाण्यावर बोलून बोलून त्याला दुसरा पुरावाच सुचत नव्हता. खुशालरावांनी हात उडवला, म्हणजे लावा. ईशाननं फोन टेबलावर ठेवला आणि गाणं लावलं.

जेवण पोटभर झालेलं होतं. हिवाळ्याचं ऊन खिडकीतून आत येऊन बरोबर खुर्चीवर पडलं होतं. नुसती गिटार चालली तोवर खुशालराव कपाळाची आठी सांभाळून होते. बाईचा आवाज आला तशी आठी उलगडली. दोघांचा मिळून आवाज आला तेव्हा त्यांची हनुवटी छातीला टेकली होती, आणि गाण्याच्या खालून दुसराच एक सूर लागला होता, जो मूळ गाण्यात नव्हता.

कुणी त्यांना उठवलं नाही. मॅडमनी समोरचा कुठलासा कागद उचलला आणि तो वाचू लागल्या. शालिकराम लिहीत राहिले, काय लिहीत होते देव जाणे. नगमा ओढणीचं टोक तोंडाशी धरून खिडकीबाहेरच्या सायकलस्टँडकडं बघत होती. सूर्यभानजी तर जमिनीकडंच बघत होते, त्यांना आधीपासून दुसरीकडं बघायची सोय नव्हती. सात मिनिटं सगळी झाली. गाणं संपलं, आणि त्या शांततेनं खुशालरावांना जाग आली.

जाग आल्यावर त्यांना पहिल्यांदा ईशान दिसला. बाकीच्या सगळ्यांनी नजर कुठं ना कुठं ठेवलेली होती. ईशान मात्र त्यांच्याच चेहऱ्याकडं टक लावून, मान थोडी पुढं करून, गाणं कसं वाटलं या अपेक्षेनं बघत होता. इतक्या दिवसांची सवय, दुसरं काही नाही. पण झोपेतून उठलेल्या अध्यक्षाला त्या नजरेत काय दिसलं असेल ते अध्यक्षच सांगू शकतील.

“मी डोळे मिटून विचार करून राह्यलो होतो,” खुशालराव म्हणाले.

“सूर्यभानजीही तेच करत होते, साहेब,” मॅडम कागदातून मान वर न काढता म्हणाल्या.

यानंतर त्या प्रकरणात विचारण्यासारखं कुणाकडं काही उरलं नाही. शालिकरामनी रस्त्यावर रोही आडवा आल्याचं लिहिलं, खुशालरावांनी सही केली, आणि साळ्याचा पोरगा आणखी काही दिवस घरी बसणार हे ठरलं. मात्र बाहेर पडताच मॅडमनी सूर्यभानजींना व्हरांड्यातच थांबवलं, आणि या वेळी आडून बोलल्या नाहीत. रात्री पाणी द्यायचं असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही गाडी चालवायची नाही, मागं बसून झोपायचं. आणि चालवणार कोण, तर ईशान. त्याच्याकडं लायसन्स होतं. सूर्यभानजी टोपी फिरवत म्हणाले की हे आधीच बोलले असते मॅडम, तर मले ते कानफाटे गाणे आयकावे नसते लागले. म्हणजे त्यांनाही आवडत नव्हती. चार माणसं, रोजचा रस्ता, आणि ज्याला रॉक मनापासून आवडतं असा त्यात एकही नव्हता.

जानेवारीत मुलाखती झाल्या. दोघंही गाडीतली माणसं म्हणून मॅडमनी दोघांना सारखेच गुण दिले. विद्यापीठाच्या पाहुण्यांनीही फारसा फरक केला नाही, करण्यासारखा नव्हता. खुशालरावांनी नगमाला बोंडअळीनं बाजारावर काय परिणाम झाला ते विचारलं, तिनं चांगलं सांगितलं, आणि सांगताना अदबीनं टेबलाकडं पाहिलं. ईशानला त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“झोप बराबर लागते ना तुमाले?”

“लागते, साहेब.”

“मंग ठीक हाय. या.”

आता झाल्या व्यवहाराची शेवटची बेरीज. नत्थुजीची तूर मोडली, त्याची भरपाई मॅडमनी स्वतः जाऊन दिली, आणि येताना त्यानं पिशवीत घातलेल्या ओल्या शेंगा घेऊन आल्या, म्हणजे तिथं फिटाफिट. मडगार्ड संस्थेनं बसवलं, रोह्याच्या नावावर. खुशालरावांची एक दुपारची झोप खर्ची पडली, तीही पूर्ण नाही. सूर्यभानजींची नोकरी राहिली, आणि हरभराही बरा झाला. नगमाला जागा मिळाली. तिनं पेढे वाटले आणि पहिला पेढा ईशानच्या हातावर ठेवताना “सर, गाणं छान होतं हो” म्हणाली, ते चिडवणं होतं की आभार, हे त्यानं विचारलं नाही. मॅडमना भावगीतं परत मिळाली. आठवड्यातले निम्मे दिवस ईशान गाडी चालवतो, मागं सूर्यभानजी झोपलेले असतात, पुढं मॅडम गुणगुणत असतात, आणि त्याला कुणी अभिप्राय विचारत नाही. तो अजून तासिका तत्त्वावरच आहे.